चार सीटचं विमान आणि चारचौघांचा आग्रह

छोटं विमान चालवायचं लायसन्स खिशात आलं की आपल्या मित्रमंडळात एक प्रश्न ठरलेला असतो: "मग, आम्हाला कधी फिरवतोस?" त्यात गैर काहीच नाही. हौसेने शिकलेली गोष्ट हौसेने दाखवावी. मला राग येतो तो दुसऱ्या प्रश्नाचा. शनिवारी सकाळी मंडळी तयार होऊन विमानतळावर जमलेली असतात, थर्मासात चहा असतो, डब्यात शंकरपाळे असतात, मुलांच्या डोळ्यांवर नवे गॉगल असतात, आणि पायलट ढगांकडे बघून म्हणतो, "आज नको." मग येतो तो प्रश्न: "अरे, एवढंसं तर ढगाळ आहे. घाबरलास काय?"

आजचा लेख या दुसऱ्या प्रश्नाविरुद्ध आहे. आणि खरं सांगायचं तर या प्रश्नासमोर मान तुकवणाऱ्या पायलट लोकांविरुद्ध जास्त.

थोडी पार्श्वभूमी देतो. मी सॅन फ्रान्सिस्कोजवळच्या बे एरियात राहतो. सोमवार ते शुक्रवार कोड लिहितो आणि शनिवार-रविवारी पालो आल्टोच्या छोट्या विमानतळावरून भाड्याचं सेसना १७२ घेऊन उडतो. हे विमान म्हणजे छोट्या विमानांमधली मारुती ८००. १९५५ साली पहिल्यांदा उडालं आणि आजवर ४४ हजारांहून जास्त बनली. एक इंजिन, चार सीटा, वर पंख. भाडं तासाला दोनशे डॉलरच्या आसपास. म्हणजे हौस महाग आहे, पण इथे नोकरी करणाऱ्या माणसाला अगदीच अशक्य नाही. त्यामुळे इंजिनियर मंडळींत असे हौशी पायलट बरेच सापडतात, आणि त्यात आपले मराठी लोकही आहेत. लेखाचा रोख त्यांच्यावर आणि त्यांच्या शेजारच्या सीटवर बसायला उत्सुक असलेल्या तुमच्यावर आहे.

आता मुळात आग्रह ही आपली संस्कृती. पंगतीत पाहुणा "पुरे, पुरे" म्हणतो तेव्हा वाढणाऱ्याने ते ऐकायचं नसतं, आणि पाहुण्यालाही ते ऐकलं जाऊ नये असंच वाटत असतं. जिलबीच्या बाबतीत हे फार गोड आहे. पण यातून आपल्याला एक सवय लागते. समोरच्याचा पहिला नकार हा खरा नकार नसतोच, असं आपण धरून चालतो. "नको म्हणतोय, पण जरा जोर लावला की तयार होईल." पंगतीत या सवयीची किंमत म्हणजे फार तर अजीर्ण. विमानात किंमत वेगळी असते.

आणि नकार देणाऱ्याची अडचण वेगळीच. त्याला भीड पडते. चार माणसं पहाटे उठून आलेली, त्यातल्या एका काकांचं परवा परतीचं तिकीट, मुलांनी शाळेत सांगून ठेवलेलं. अशा वेळी "नाही" म्हणायला जीभ उचलत नाही. भीड ही भिकेची बहीण असं आपल्याकडे म्हणतात. विमानाच्या बाबतीत ती आणखी कुणाची तरी बहीण आहे, पण ते नाव मी शनिवारच्या सकाळी घेत नाही.

आधी विमानाचा हिशोब बघू, कारण बहुतेक गैरसमज तिथूनच सुरू होतात. चार सीटा म्हणजे चार माणसं, हे समीकरण चुकीचं आहे. मी चालवतो त्या मॉडेलचं उड्डाणाच्या वेळचं कमाल वजन २,५५० पौंड, म्हणजे साधारण १,१५७ किलो. त्यातून रिकाम्या विमानाचं वजन काढलं की माणसं, सामान आणि पेट्रोल मिळून जेमतेम चारशे किलो उरतात. टाक्यांमध्ये वापरता येईल असं ५३ गॅलन इंधन मावतं आणि एका गॅलनचं वजन ६ पौंड. म्हणजे टाक्या भरल्या की सुमारे १४४ किलो तिथेच गेले. उरले अडीचशे. आता आपल्याकडच्या खात्यापित्या घरातली चार प्रौढ माणसं सरासरी ७५ किलोने धरा. (मी सभ्यपणाने धरलंय.) झाले तीनशे. सामान अजून धरलंच नाही, शंकरपाळ्यांचा डबा तर लांबच राहिला.

म्हणजे एक तर माणूस कमी करा, नाही तर इंधन कमी करा. इंधन कमी केलं तर वाटेत उतरून भरायची तयारी ठेवा. पण इथेही आग्रह आडवा येतो. "मधे कशाला उतरायचं? अर्धा तास वाया. पोहोचेल की!" पोहोचेल की, हे कुठलंही गणित नाही. दिवसा उडताना ठरलेल्या ठिकाणी पोहोचून वर ३० मिनिटांचं इंधन उरलं पाहिजे आणि रात्री ४५ मिनिटांचं, असा अमेरिकेतला नियम आहे. मी एक तासाचं ठेवतो. निघण्याआधी काट्यावर विश्वास न ठेवता टाकीत मोजपट्टी घालून बघतो. यात शौर्य काही नाही. मोबाईलची बॅटरी दोन टक्क्यांवर आलेली असताना आपण ओला बुक करायला धास्तावतो, मग इथे का नाही?

वजनाचा आणखी एक पैलू उंचीचा. बे एरियातल्या मंडळींचं आवडतं ठिकाण म्हणजे लेक ताहो. गाडीने चार तास, शुक्रवारी संध्याकाळी निघालात तर देव जाणे. विमानाने दीड-पावणेदोन तास. मोह होणारच. पण तिथला विमानतळ समुद्रसपाटीपासून सव्वासहा हजार फुटांवर आहे. उन्हाळ्यात दुपारी तापमान २७ अंशांवर गेलं की हवा इतकी विरळ होते की विमानाला वाटतं आपण नऊ हजार फुटांवर आहोत. इंजिनाची ताकद कमी, पंखांना उचल कमी, आणि समोर डोंगर. सकाळी आठ वाजता जे विमान शहाण्यासारखं उडालं असतं, तेच विमान दुपारी दोन वाजता तेवढंच वजन घेऊन रनवेच्या शेवटापर्यंत नुसतं धावत राहतं. म्हणून ताहोहून परत निघायचं तर सकाळी निघायचं. "जेवून निघू ना रे आरामात" हा आग्रह तिथे चालत नाही.

आता ढगांकडे येऊ. "एवढंसं ढगाळ" म्हणजे काय, हे न उडणाऱ्यांना कळत नाही यात त्यांचा दोष नाही. मोठ्या विमानातून प्रवास करताना आपण ढगांतून आरपार जातो, एअर होस्टेस ज्यूस देत असते, काही होत नाही. मग याला काय धाड भरली?

धाड अशी की आपल्या कानाच्या आत तोल सांभाळणारं जे यंत्र आहे, ते जमिनीवर चालण्यासाठी बनलंय. विमान हळूहळू एका बाजूला कलायला लागलं तर त्या यंत्राला ते कळतच नाही. बाहेर क्षितिज दिसत असेल तर डोळे चूक सुधारतात. ढगात शिरल्यावर बाहेर फक्त पांढरं. विमान वळतंय, पण शरीर शपथेवर सांगतं की आपण सरळ चाललोय. वळताना विमानाचं नाक खाली जायला लागतं, वेग वाढतो, घाबरून माणूस दांडा मागे ओढतो, आणि त्याने वळण आणखी घट्ट होतं. जमीन दिसेपर्यंत सगळं संपलेलं असतं.

१९५४ साली इलिनॉय विद्यापीठात यावर एक प्रयोग झाला. उपकरणांकडे बघून उडायचं प्रशिक्षण नसलेले २० जण घेतले आणि विमानात त्यांना बाहेरचं दिसणं बंद केलं. वीसच्या वीस जणांच्या हातून विमान सुटलं. त्यासाठी लागलेला सरासरी वेळ १७८ सेकंद. म्हणजे तीन मिनिटांना दोन सेकंद कमी. दोन मिनिटांची मॅगीसुद्धा प्रत्यक्षात याहून जास्त वेळ घेते.

तेव्हा पायलट "आज नको" म्हणतो त्यावेळी तो ढगांना घाबरलेला नसतो. तो स्वतःच्या कानाला ओळखून असतो.

मग माणसं जातात का ढगात? मुद्दाम कुणीच जात नाही. तिथे नेऊन सोडतो तो दबाव, आणि हे माझं मत नाही, अपघातांच्या चौकशी अहवालांत लिहिलेलं आहे. तीन उदाहरणं देतो.

पहिलं १९९६ चं. जेसिका डब्रॉफ नावाची सात वर्षांची मुलगी. विमानाने अमेरिका पार करणारी सगळ्यात लहान मुलगी व्हायचं, असा बेत. बरोबर वडील आणि लायसन्स असलेले प्रशिक्षक. आमच्या इथल्याच हाफ मून बे विमानतळावरून १० एप्रिलला निघाले. टीव्ही, वर्तमानपत्रं, मुलाखती, सगळं ठरलेलं. दुसऱ्या दिवशी सकाळी वायोमिंग राज्यातल्या शायेनला पाऊस आणि वादळ जवळ येत होतं. विमान मर्यादेपेक्षा जड होतं. शायेन सहा हजार फुटांच्या वर. तरी निघाले, आणि उड्डाणानंतर लगेचच कोसळून तिघेही गेले. चौकशीत मुख्य ठपका प्रशिक्षकाच्या निघण्याच्या निर्णयावर आला, आणि त्याला हातभार लावणारं कारण म्हणून काय लिहिलं? अतिमहत्त्वाकांक्षी वेळापत्रक पाळण्याची इच्छा, आणि ती काही अंशी माध्यमांना दिलेल्या शब्दांमुळे. म्हणजे आग्रहच की. फक्त करणारी चार माणसं नव्हती, अख्खा देश टीव्हीसमोर बसला होता.

दुसरं १९९९ चं. जॉन केनेडी ज्युनियर, राष्ट्राध्यक्षांचा मुलगा. १६ जुलैची संध्याकाळ, दुसऱ्या दिवशी चुलत बहिणीचं लग्न, विमानात बायको आणि मेहुणी. उपकरणांवर उडायचं रेटिंग नव्हतं. न्यू जर्सीहून निघायला साडेआठ वाजून गेले. रात्र, समुद्र, धूसर हवा, क्षितिज गायब. मार्थाज् विनयार्डजवळ विमान समुद्रात गेलं. अहवालाचा निष्कर्ष: दिशा आणि तोल यांचा भ्रम होऊन ताबा सुटला. लग्नामुळेच तो निघाला असं मी म्हणणार नाही, तसं अहवालही म्हणत नाही. पण घरच्या लग्नाच्या आदल्या दिवशी "मी उद्या सकाळी येतो" म्हणणं किती अवघड असतं, हे आपल्याला कुणी सांगायला नको.

तिसरं उदाहरण मला सगळ्यात महत्त्वाचं वाटतं. २६ जानेवारी २०२०. बास्केटबॉलपटू कोबी ब्रायंट, त्याची मुलगी आणि इतर मिळून नऊ जण हेलिकॉप्टर अपघातात गेले. आता हे हौशी उड्डाण नव्हतं. वैमानिक व्यावसायिक, अनुभवी, उपकरणांवर उडायचं रेटिंग असलेला. तरी नजरेच्या भरवशावर उडताना ढगात शिरला आणि तोच भ्रम झाला. चौकशीत असं आढळलं की कंपनीने किंवा गिऱ्हाइकाने दबाव टाकल्याचा काहीही पुरावा नाही. दबाव असलाच तर तो बहुधा वैमानिकाने स्वतःच स्वतःवर घेतलेला. ठरलेला बेत पुढे रेटत राहायची मनाची ओढ, हेही कारण अहवालात नोंदवलंय.

हे वाचून मला वाटलं की आग्रहाची ही सगळ्यात वाईट जात. कुणी तोंडातून शब्द काढत नाही, आणि तरी माणूस "बरं, घ्या अजून एक" म्हणत राहतो.

अमेरिकन पायलट लोकांत या आजाराला एक गमतीशीर नाव आहे, "गेट-देअर-आयटिस". पोहोचायची बाधा म्हणू या. आपल्याकडे घाटातल्या पाट्यांवर हेच शहाणपण केव्हाचं रंगवून ठेवलंय: अति घाई, संकटात नेई. आपण गाडीतून ती पाटी वाचतो, हसतो आणि पुढच्या ट्रकला ओव्हरटेक करतो.

इथपर्यंत वाचून काही जणांचे आक्षेप तयार झाले असतील. मला ते पाठ आहेत, कारण दर सहलीला ऐकतो.

"अरे, रस्त्यावर रोज किती माणसं मरतात! विमान तर सगळ्यात सुरक्षित." हे तिकीट काढून बसायच्या मोठ्या विमानांबद्दल अगदी खरं आहे. तिथे दोन वैमानिक, दोन किंवा जास्त इंजिनं, सततचं प्रशिक्षण, आणि "आज नको" म्हणायला बसलेलं एक वेगळं खातं असतं. छोट्या खासगी विमानांचं तसं नाही. अमेरिकेत या प्रकारच्या उड्डाणांत दर एक लाख तासांमागे साधारण एक जीवघेणा अपघात होतो. तुलना करायचीच तर ती मोटरसायकलशी करतात, गाडीशी नाही. तेव्हा इंडिगोचं पुण्य माझ्या सेसनाच्या खात्यात जमा करू नका.

"मग इन्स्ट्रुमेंट रेटिंग घे की. ढगातून उडता येईल." घेतलंय. फार उपयोगाचं आहे आणि प्रत्येक हौशी पायलटने घ्यावं असं माझं मत आहे. उन्हाळ्यात समुद्रावरून येणारा ढगांचा पातळ थर ओलांडून वर ऊन गाठता येतं. पण हिवाळ्यात सिएरा पर्वतावरच्या ढगांत पंखांवर बर्फ चढतो, आणि माझ्या विमानाला बर्फ झटकायची सोय नाही. वादळातून कुठलंच रेटिंग पार नेत नाही. रेटिंगने "नको" म्हणायचे दिवस कमी होतात, शून्य होत नाहीत. आणि २०२० च्या त्या वैमानिकाकडेही रेटिंग होतंच.

"इतकं घाबरून उडायचं तर लायसन्स कशाला घेतलंस?" हा आक्षेप जरा गंभीरपणे घेऊ, कारण यात एक खरी गोष्ट दडली आहे. जो पायलट प्रत्येक वेळी रद्द करतो, त्याचा हात बसत नाही, आणि हात न बसलेला पायलट छान उन्हातही धोकादायकच. कायदा म्हणतो की प्रवासी घ्यायचे तर गेल्या ९० दिवसांत किमान तीन वेळा उडून उतरलेलं असलं पाहिजे. तीन! गाडी तीन महिन्यांत तीनदा पार्क केलेल्या माणसाला तुम्ही एफसी रोडवर गाडी लावायला द्याल का? म्हणून उडायलाच हवं, वरचेवर उडायला हवं, वारा असताना प्रशिक्षकाला शेजारी बसवून उडायला हवं. पण तो सराव वेगळा आणि मित्राची पाच वर्षांची मुलगी मागच्या सीटवर असताना दाखवलेली हिंमत वेगळी. सरावात स्वतःच्या मर्यादा थोड्याथोड्या पुढे ढकलता येतात. प्रवासी असताना त्या ढकलायच्या नसतात.

आम्हा सॉफ्टवेअरवाल्यांना तर हे जास्त कळायला हवं. शुक्रवारी संध्याकाळी पाच वाजता प्रॉडक्शनवर डिप्लॉय करायचं नाही, हा नियम आपण स्वतःच केलाय. मॅनेजर कितीही नाचला तरी शहाणा टीम लीड म्हणतो, सोमवारी बघू. तिथे तर रोलबॅक आहे, बॅकअप आहे, फार तर रात्रभर जागरण आहे. हाच माणूस शनिवारी विमानतळावर "चला, बघू या तरी वर जाऊन" कसा म्हणू शकतो, हे मला न सुटलेलं कोडं आहे. बघू या तरी वर जाऊन, हे त्या १७८ सेकंदांचं पहिलं वाक्य आहे.

मग करायचं काय? मला विचाराल तर उपाय हिमतीचा नाही, व्यवस्थेचा आहे. भीड ऐनवेळी मोडत नाही, ती आधीच मोडून ठेवावी लागते.

माझे आकडे कागदावर लिहिलेले आहेत. प्रवासी असताना ढगांचा तळ जमिनीपासून तीन हजार फुटांच्या खाली असेल तर नाही. आडवा वारा दहा नॉट्सच्या वर असेल तर नाही. आदल्या रात्री सहा तासांपेक्षा कमी झोप झाली असेल तर नाही. कायद्याने यातल्या बऱ्याच गोष्टींना परवानगी आहे, माझ्या कागदाने नाही. कागदाचा फायदा असा की विमानतळावर वाद माझ्याशी होत नाही, कागदाशी होतो.

बेत ठरतो त्याच दिवशी व्हॉट्सॲप ग्रुपवर दोन बेत टाकतो. हवा चांगली असेल तर विमानाने अमुक ठिकाणी, नसेल तर गाडीने तमुक ठिकाणी. दोन्हींची वेळ, दोन्हींचं जेवण. रद्द झालं तर सहल रद्द होत नाही, फक्त वाहन बदलतं. बैल गेल्यावर झोपा करण्यात अर्थ नाही, पर्याय आधीच उभा पाहिजे. मुक्कामाला गेलो तर सोमवारी सकाळी ज्याची महत्त्वाची मीटिंग आहे त्याला मी नेतच नाही. परतीला एक दिवस जास्त लागला तरी चालेल, असं म्हणणाऱ्यालाच सीट.

उडण्याआधी कुणाकडूनही पैसे घेत नाही. खर्च वाटून घ्यायला कायद्याची हरकत नाही, मात्र पायलटने निदान स्वतःच्या वाट्याचा भाग भरलाच पाहिजे. पण आधी पैसे घेतले की सहलीचं तिकीट होतं, आणि तिकीट झालं की "आम्ही पैसे दिलेत" सुरू होतं. उतरल्यावर काय तो हिशोब.

वजन मात्र आधी विचारतो, प्रत्येकाला, स्पष्ट. काकूंनाही. लाजेखातर दहा किलो कमी सांगू नका, विमानाला खरं वजन कळतंच.

आणि उतरल्यावर? रद्द केलेलं उड्डाणही मी डायरीत लिहितो. तारीख, हवा, कारण. पायलट लोक उडालेल्या तासांची नोंद जिवापाड जपतात, न उडालेल्या दिवसांची कुणीच ठेवत नाही. मला विचाराल तर निर्णयाचा दर्जा त्याच वहीत दिसतो.

आता प्रवाशांसाठी. तुम्हाला हवामान कळायची गरज नाही, विमान कळायची गरज नाही. एवढंच करा: पायलट "नको" म्हणाला की कारण विचारू नका. घरी गेल्यावर, चहा घेताना हवं तेवढं विचारा, तो आनंदाने दोन तास बोलेल. (थांबवणं अवघड जाईल.) पण विमानाजवळ उभं राहून नाही. तिथे विचारलेलं प्रत्येक "का रे?" त्याच्या कानाला "घाबरलास?" असंच ऐकू येतं. आणि उलटही लक्षात ठेवा. तुम्हाला स्वतःला काही बरं वाटत नसेल, तर सीटवर बसल्यावरही "मला उतरायचंय" म्हणायचा तुम्हाला पूर्ण हक्क आहे. जो पायलट त्यावर हसतो, त्याच्याबरोबर परत जाऊ नका.

आणि पायलट मित्रांनो, तुम्हाला एक वेगळीच गोष्ट सांगायची आहे. आपण या मंडळींना छोटं विमान विकतोच चुकीच्या पद्धतीने. "ट्रॅफिक नाही, सिक्युरिटीची रांग नाही, ताहोला दीड तासात!" असं सांगून आपणच ही अपेक्षा तयार करतो. मग हवा बिघडली की लोकांना फसवल्यासारखं वाटतं, आणि त्यात त्यांचं काय चुकलं? छोटं विमान हे वेळेवर पोहोचायचं साधन नाही. ते शिडाच्या होडीसारखं आहे, वारा आणि आभाळ म्हणेल तेव्हा जाणारं. वेळेवर पोहोचायचं असेल तर साउथवेस्टचं तिकीट काढा. हे पहिल्याच दिवशी सांगितलं तर निम्मा आग्रह आपोआप विरतो.

कुणी म्हणेल की एवढ्या सावधगिरीत उड्डाणातलं साहस कुठे राहिलं. तर आपल्याकडचीच एक गोष्ट सांगतो. जे.आर.डी. टाटांना १० फेब्रुवारी १९२९ ला भारतात दिलं गेलेलं पहिलं वैमानिकाचं लायसन्स मिळालं. आगाखानांनी बक्षीस लावलं, भारत आणि इंग्लंड यांच्यामधलं अंतर एकट्याने उडून पार करणाऱ्या पहिल्या भारतीयाला. जे.आर.डी. इकडून निघाले, आस्पी इंजिनियर नावाचा कोवळा पोरगा तिकडून. वाटेत इजिप्तमध्ये अबुकीरला जे.आर.डी. उतरले तर आस्पी तिथे अडकून पडलेला. जवळ जादा स्पार्क प्लग नव्हते. शर्यत चालू, बक्षीस समोर, आणि हा पोरगा जमिनीवर थांबला होता. जे.आर.डीं.नी आपल्याकडचे प्लग त्याला देऊन टाकले. आस्पी काही तासांच्या फरकाने शर्यत जिंकला, आणि पुढे भारतीय हवाई दलाचा प्रमुख झाला.

या गोष्टीतलं जे.आर.डीं.चं औदार्य सगळे सांगतात, आणि ते सांगायलाच हवं. मला त्यातला आस्पीचा भागही तितकाच मोठा वाटतो. कोवळं वय, हातात विमान, आणि तरी "असंच रेटू" असं न म्हणता तो थांबला. आणि जे.आर.डी. हे प्रतिस्पर्धी असून "कशाला थांबलास?" असं न विचारता मदत करून मोकळे झाले. एकाने थांबायचं आणि दुसऱ्याने त्याला थांबल्याबद्दल हिणवायचं नाही, माझी मागणी यापेक्षा जास्त काही नाही.

असो. धाडस या शब्दाचा अर्थ आपल्याकडे फार स्वस्त झालाय. वादळात घुसणारा धाडसी, आणि चारचौघांसमोर "मी आज उडणार नाही" म्हणणारा भित्रा. माझ्या मते पहिल्याला फक्त वेग लागतो. दुसऱ्याला कणा लागतो. तुमच्या ओळखीत असा एखादा कणा असलेला पायलट असेल तर त्याला जपा, त्याने रद्द केलेल्या सहलींबद्दल त्याचे आभार माना, आणि पंगतीत त्याला दोन जिलब्या जास्त वाढा. तिथे मात्र त्याचं "नको" अजिबात ऐकू नका.